शंभर पावलांवरून खोकड

भापकरांच्या घरात आजवर सगळ्यांचं एकमत फक्त दोनदा झालं होतं. एकदा विहीर आटली तेव्हा, ती आटली आहे याबद्दल. आणि दुसऱ्यांदा या गुढीपाडव्याला, खोकड बघायला पुण्याहून कुणी येणार नाही याबद्दल. पंकजा त्या बैठकीत बसलेली होती. पण सुनेचं मत धरायची पद्धत घरात अजून सुरू व्हायची होती, म्हणून ते एकमत.

त्यामुळे चैत्र संपता संपता, रविवारी पहाटे, बाभूळदऱ्याच्या फाट्यावरून टेम्पो ट्रॅव्हलरचे दिवे वस्तीकडे वळले तेव्हा राहीबाई शेंगोळ्यांच्या पिठाचा गोळा हातात घेऊनच ओट्यावर आल्या.

"आले गं," त्या सुनेला म्हणाल्या. "खरंच आले."

"येणारच होते, आत्याबाई," पंकजा म्हणाली.

आठ माणसं उतरली. आठांचे कपडे मातीच्या रंगाचे, आवाज नाही, चेहरे गंभीर. माळावर भडक रंग घालू नका, मोठ्याने बोलू नका, हे पंकजानेच त्यांना आधी कळवलं होतं, पण ते राहीबाईंना कुणी कळवलं नव्हतं. त्यांना वाटलं, वाटेत फोन आला असावा, कुणाचं तरी काही झालं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, आधी सगळ्यांना पाणी दिलं, आणि मग हळूच त्यांच्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंना विचारलं, कोण होतं. त्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना वाटलं, आत्ताच गाऊन गेलेल्या पक्ष्याबद्दल विचारतात. म्हणाल्या, चंडोल. राहीबाईंनी जिभेने चुकचुक केलं.

राहीबाईंनी बत्तीस वर्षं खोकडाला दगड मारले होते. कोल्ह्याहून लहान, करड्या रंगाचं, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असलेलं ते जनावर बघायला माणसं झोप मोडून येतात, हे त्यांना पटत नव्हतं. पण ती आपल्या वस्तीवर आलीत, आणि त्यांचं जेवण आपल्या बचत गटाकडे आहे, म्हटल्यावर आदल्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आनंदाने की धसक्याने, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

माळ बावीस एकरांचा. घरातल्या थोरल्या आबासाहेबांच्या पणज्याला भावकीच्या वाटणीत चिठ्ठी उचलून मिळालेला. चिठ्ठी त्याने डाव्या हाताने उचलली, हे घरात अजून बोललं जातं. चार पिढ्यांत त्यावर कुसळी गवत आणि भांडणं याशिवाय काही आलं नाही. आबासाहेबांचे धाकटे भाऊ गहिनीनाथ, म्हणजे पंकजाचे सासरे, यांनी एकदा तिथे पाचशे रोपं लावली होती. प्रत्येक रोपाबरोबर फोटो काढला होता. फोटो आहेत.

मागच्या वर्षी गहिनीनाथांना केडगावचे जयवंतशेठ भेटले आणि माळावर वॉटरपार्क काढायचं ठरलं. कर्जत तालुक्यात, मुरमाच्या माळावर, पाणी कुठून आणणार हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं तो दुसऱ्याने विचारला असेल. शेठनी शकुन म्हणून कुठल्याशा बंद पडलेल्या पार्कातले निळे पाईप आधीच आणून टाकले. माणूस आत बसून घसरत खाली येईल एवढे. एकदा आत बसलं की मधे उठता येत नाही, असं शेठ कौतुकाने सांगत. एक तर माळाच्या कडेला, कडुनिंबाखाली, बांधावर तिरपा टेकवून ठेवला होता. महिनाभर आसपासच्या गावांतली माणसं तो बघायला येत होती. बाभूळदऱ्यातलं पर्यटन खरं तर तिथूनच सुरू झालं.

पंकजाचं म्हणणं वेगळं होतं. तिचं माहेर हिवरे बाजारचं. त्यामुळे ती गवताला गवत न म्हणता चारा म्हणायची आणि पडीक जमिनीला पडीक म्हणू द्यायची नाही. तिने मांडलं ते असं: एका वेळी आठच पाहुणे. माळावर गाडी नाही, चालत. वाट दाखवायला धनगरवाड्यातली मुक्ताबाई, कारण माळावरचं प्रत्येक बीळ तिला पत्त्यासकट ठाऊक. मुक्ताबाईने दोन महिने बिळाकडच्या बाजूला मेंढरं न्यायची नाहीत, आणि पाहुण्यांकडून जे येईल त्यातला पहिला वाटा तिचा. जेवण बचत गटाचं, मुक्काम पाळीपाळीने प्रत्येक घरी. वस्तीवरच्या कुत्र्यांना लस टोचलेली आणि सकाळी साखळी बांधलेली. आणि बिळापासून शंभर पावलांच्या आत कुणी जायचं नाही. हे सगळं तिने एका पत्र्यावर रंगवून माळाच्या तोंडाशी लावलं.

गहिनीनाथांचा आक्षेप शेवटच्या ओळीला होता. "पाव्हन्याला शंभर पावलं लांब हुभा करायचा?" ते पाटीपुढे उभे राहून म्हणाले होते. "आमी सोयरीक मोडायला आलेल्यालासुद्धा ओट्यापत्तुर येऊ देतो."

भांडण पाडव्याला आबासाहेबांपुढे गेलं. आबासाहेब थोरले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, डोळे मिटले, आणि सांगितलं की पहिल्या खेपेच्या पाहुण्यांना खोकड दिसलं तर तीन वर्षं माळ सूनबाईच्या हवाली. नाही दिसलं तर त्याच दिवशी अकरा वाजता शेठच्या कागदावर सही. दोन्ही एकाच दिवशी ठेवायचं कारण त्यांनी दिलं नाही. ते असं होतं की परीटघडीचं धोतर एकच होतं.

आता शेठचा कागद अकराला येणार होता. बचत गटाच्या आठ बायकांनी घरं सारवली होती, तीन घरांनी खोल्यांना रंग दिला होता. हे सगळं एका जनावराच्या बाहेर येण्यावर टेकलं होतं, आणि त्या जनावराला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सहा वाजता आठ पाहुणे, मुक्ताबाई, पंकजा, तिचा नवरा कानिफनाथ आणि गहिनीनाथ पाटीपासून पुढे, दगडांच्या ओळीमागे बसले. समोर शंभर पावलांवर बिळाचं तोंड. आबासाहेब मागे प्लास्टिकच्या खुर्चीत, धोतर सांभाळून. खुर्ची कानिफनाथने आणली होती. कानिफनाथ सुप्याच्या कारखान्यात पाळीवर असायचा आणि घरातही पाळीनेच मत द्यायचा: रात्री वडिलांच्या ताटाला ताट लावून जेवला की वॉटरपार्क, सकाळी बायकोच्या हातचा चहा प्याला की खोकड.

सूर्य वर आला. गवत पिवळंधमक झालं. चंडोल वर चढून गाऊन खाली आले. शिक्षिकाबाईंनी ते वहीत लिहिलं. पाहुण्यांचे चेहरे इतके खुशीत होते की पंकजाला एकदा वाटलं, नाही निघालं तरी चालेल. मग तिने मागे धोतराकडे पाहिलं.

सात वाजले. साडेसात. बिळातून काही आलं नाही.

पंकजाचं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. त्यांनी पांढरा पोशाख घातला होता, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत शाल होती, आणि ते बिळाकडे न बघता बिळाच्या पलीकडच्या बोरीच्या झुडपाकडे बघत होते. मधूनच हात किंचित वर करत होते आणि परत खाली घेत होते.

मुक्ताबाईनेही ते पाहिलं. ती काठी घेऊन उठली, लांबून वळसा घातला आणि बोरीच्या मागे गेली. तिथे चार माणसं पालथी पडलेली होती. प्रत्येकाच्या पोटाखाली हलगी. पहाटे चारपासून.

"तुमी कोन रं?" मुक्ताबाईने विचारलं.

"आमी स्वागत," त्यातला एकजण कुजबुजला.

खोकड बाहेर आलं की वाजवायचं, असं नानांनी सांगितलंय, एवढं त्याला माहीत होतं. नाना म्हणजे गहिनीनाथ. मुक्ताबाई तशीच बिळाजवळच्या धुळीत वाकली, बोटाने काहीतरी चाचपलं, मग परत येऊन पंकजाच्या शेजारी बसली, बोरीमागच्या हलग्यांचं सांगितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हालली, पोरी. बीळ रिकामं हाय. तोंडात पिल्लू धरलं की पाय खोल उठतो. चार खेपा केल्यात. रातीच गेली."

पंकजाने पाहुण्यांना हसून सांगितलं की न्याहारी तयार आहे, बाकीचं नंतर. त्या हसण्याला किती ताकद लागली हे फक्त राहीबाईंना कळलं. त्या न्याहारीला बोलवायलाच आल्या होत्या.

पाहुणे ओट्यावर शेंगोळे खात होते तेव्हा बाभळीखाली बैठक बसली. पंकजाने सासऱ्यांना विचारलं, हलगी आजच ठरली का.

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाले. "काल सांजच्याला तालीम घेतली."

"कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. "जाग्यावरच. तालीम जाग्यावर घ्यावी लागती."

पंकजा काल सामान आणायला कर्जतला गेली होती. तिने विचारलं, फटाकेही का. गहिनीनाथांनी मुलाकडे पाहिलं. कानिफनाथने आभाळाकडे पाहिलं.

"हजाराची माळ," तो म्हणाला. "एकच."

गहिनीनाथांच्या बाजूने एक सांगायला हवं. त्यांनी हे मोडता घालायला केलं नव्हतं. सुनेच्या योजनेला त्यांचा विरोध होता. पण विरोध वेगळा आणि पाहुणचार वेगळा. भापकरांच्या शिवेत पाहुणे येणार आणि हलगी नाही, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. त्यांच्या कपाटात सत्काराच्या एकतीस शाली होत्या. त्यातली एक तपकिरी शाल तर त्यांनी ज्यांना ज्यांना घातली त्यांनी ती कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात परत त्यांनाच घातली होती. तिचा प्रवास त्यांच्याहून जास्त झाला होता. तीच आज मांडीवर होती. खोकडासाठी. कशी घालणार, हे त्यांनी ऐन वेळेवर सोडलं होतं.

"मामा," पंकजा म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं."

कानिफनाथ म्हणाला की आपण लगेच शोधायला निघू. हे बायकोचं मत होतं, आणि चहा तर अजून झालाही नव्हता. एवढ्यावरून प्रसंगाची गंभीरता लक्षात यावी.

पण खरं वळण राहीबाईंनी घेतलं. मघाशी ओट्यावर शिक्षिकाबाईंनी त्यांना शेंगोळ्यांची कृती विचारली होती. हुलग्याचं पीठ किती, लसूण किती, आधण कधी. सगळं वहीत लिहून घेतलं होतं, आणि वर लिहिलं होतं, राहीबाई भापकर, बाभूळदरा. बत्तीस वर्षांत त्यांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलं गेलं नव्हतं. त्या सरळ पंकजाच्या बाजूला जाऊन बसल्या. माणसाने पक्ष बदलावा तसं नव्हे, जागा बदलावी तसं.

"बत्तीस वर्सं बघती मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ह्या घरात कोन आलं का हलगी, कोन गेलं का हलगी. एकदा तरी कुनाला इचारलं का, बाबा, तुला हलगी आवडती का?"

"आता खोकडाला कसं इचारनार?"

"मला तरी इचारायचं."

आबासाहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजले होते. शब्द तो शब्द, ते म्हणाले, अकरापर्यंत टाईम हाय. मग मुक्ताबाई, पंकजा आणि कानिफनाथ पावलांच्या मागावर निघाले. पाहुण्यांना पंकजाने सगळं खरं सांगून टाकलं. तिला वाटलं ते चिडतील. पण शिक्षिकाबाई म्हणाल्या की बाळंतिणीच्या दारात फटाके वाजल्यावर कोण थांबेल, आम्ही काय तिला हजेरी लावायला सांगितली नव्हती. आणि आठही जण वस्तीवर बसून राहिले, बचत गटाच्या बायकांबरोबर, कुणी हुलगे निवडत, कुणी चटई विणणं बघत. जायचं नाव कुणी काढलं नाही.

माग गाडीवाट ओलांडून कठीण मुरमावर गेला आणि संपला.

गहिनीनाथ कुणाच्याच मागे गेले नाहीत. ते उलट्या दिशेला निघाले, शेठच्या वाटेवर नजर ठेवायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. प्रत्यक्षात त्यांना माणसं नको होती. आयुष्यात पहिल्यांदाच. माळाच्या कडेला कडुनिंबाखाली निळा पाईप निम्मा मातीत, निम्मा बांधावर टेकून होता. ते सावलीला त्याच्यावर बसले.

सूनबाईचं म्हणणं डोक्यातून जाईना. राहीबाईंचं तर अजिबात जाईना. हलगी आवडत नाही म्हणजे काय, हे समजून घ्यायचा ते प्रामाणिक प्रयत्न करत होते.

मग त्यांच्या बुडाखाली कुणीतरी खरवडलं.

ते उठले. परत आवाज आला, पातेल्यात नखं ओढावीत तसा. ते गुडघ्यांवर बसले आणि पाईपात डोकं घातलं. आतल्या निळ्या उजेडात चार जोड्या कान होते. कानांच्या मानाने चेहरे फारच लहान. सगळ्यात पुढच्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि शिंकलं.

गहिनीनाथांनी डोकं बाहेर काढलं. वर बांधावर, पंधरा-वीस पावलांवर, खोकड उभी होती. तोंडात उंदीर, शेपटीला काळा गोंडा. ती पळाली नाही. त्यांच्याकडे बघत राहिली, जशी एखादी माहेरवाशीण दारात उभं राहून बघते, आत घेणार की नाही.

भाषण करण्यासारखा प्रसंग होता. त्यांना एक शब्द सुचला नाही.

विचार मात्र झरझर झाला. काल आपण हिला घरातून हुसकलं. रातोरात चार लेकरं तोंडात धरून ही निघाली, बावीस एकर पालथे घातले, आणि शेवटी उतरली कुठे, तर आपल्या पाईपात. पाईप आपला, म्हणजे पाहुणी आपली. आणि लेकुरवाळी पाहुणी. सुनेचं पर्यटन, शेठचं पार्क, दोन्ही बाजूला राहिलं. हा सरळ भापकरांच्या पाहुणचाराचा प्रश्न झाला, आणि त्यात गहिनीनाथांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

ते पाठ न दाखवता मागे सरकायला लागले. दरबारातून निघावं तसे. एक, दोन, तीन. नव्वदाच्या पुढे इंजिनाचा आवाज आला. फाट्याकडून जयवंतशेठची पांढरी गाडी, आणि तिच्या मागे पाईप उचलायला आणलेली क्रेन. अजून दहालाही पाच मिनिटं कमी होती. शेठ चांगल्या कामाला लवकर येत.

शंभर. गहिनीनाथांनी टाचेने मातीत रेघ ओढली आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"हितून पुढं यायचं न्हाई," ते म्हणाले. पण कुजबुजत. इंजिनात कुणालाच ऐकू गेलं नाही. क्रेन त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. त्यांनी गळ्याजवळ हात नेऊन इंजिन बंद करायची खूण केली. ती इतकी मनापासून होती की क्रेनवाल्याने किल्ली काढून खिशात घातली.

शेठ गाडीतून उतरले. म्हणाले, नाना, घसा बसला का.

"आत बाळंतीन हाय," गहिनीनाथ कुजबुजले. "चार लेकरं."

शेठनी पाईपाकडे पाहिलं आणि थेट अँब्युलन्सला फोन लावायला घेतला. बाईमाणसाला तिथे कुणी ठेवलं, असं ते विचारायला लागले, तेव्हा कुठे गहिनीनाथांनी खोकड असा शब्द उच्चारला. शेठनी फोन खिशात टाकला. एका खोकडापायी नाना पार्क सोडनार का, त्यांनी विचारलं. आता आवाजात धंदा होता.

"तुमचंच बोलनं हाय," गहिनीनाथ म्हणाले. "पाईपात येकदा बसलं की मधी उठवता येत न्हाई."

त्यांनी पंकजाला फोन लावला. तिला फक्त श्वास ऐकू आला आणि मधे एकदा पाईप असा शब्द. मामांना काहीतरी झालं असं वाटून ती धावत सुटली. तिच्या मागे कानिफनाथ, त्याच्या मागे मुक्ताबाई, वस्तीवरून राहीबाई, आणि ओळीने, न धावता, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं, आठ पाहुणे.

रेघेशी पोचल्यावर तिने सासऱ्यांना उभं पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट पाईपाकडे केलं. शंभर मोजलीत, ते म्हणाले, तू परत मोज पायजे तर.

पंकजाने मोजली नाहीत. ती रेघेमागे खाली बसली. पाहुणे बसले. बचत गटाच्या बायका बसल्या. आबासाहेबांची खुर्ची कानिफनाथने आणली आणि आबासाहेब मागून धोतर उचलून आले. चार हलगीवालेही आले. गहिनीनाथांनी नुसतं पाहिलं, आणि चौघांनी हात पाठीमागे बांधले. शेठ त्यांच्या मागे टाचा उंचावून उभे राहिले.

साडेदहा झाले. खोकड बांधावरून उतरली, पाईपाच्या वरच्या तोंडाशी उंदीर ठेवला आणि बाजूला झाली. एक पिल्लू बाहेर आलं. उंदीर पकडायला उडी मारली, चुकली, आणि ते पाठमोरं पाईपात पडलं.

पाईपाने आपलं काम केलं. सर्रर्र असा आवाज आला आणि पिल्लू खालच्या तोंडातून बाहेर येऊन धुळीत बसलं. त्याने पाईपाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग बांध चढून वर गेलं आणि या वेळी स्वतःहून आत शिरलं. सर्रर्र. दुसरं त्याच्या मागे. तिसरं आणि चौथं एकदमच, एकमेकांच्या शेपट्या तोंडात.

बाभूळदऱ्याचं वॉटरपार्क असं सुरू झालं. पाण्याशिवाय चालतं, हेही सिद्ध झालं.

कुणी टाळी वाजवली नाही. शिक्षिकाबाई चष्मा पुसत होत्या आणि चष्म्यावर काही नव्हतं. राहीबाईंनी सुनेचा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे चार बोटं उमटली. मुक्ताबाई शेजारच्या पाहुण्याला कानात सांगत होती की ही मादी तीन वर्षांची, हिच्या आईचं बीळ खालच्या ओढ्याला होतं, एक खोकड वर्षात किती उंदीर संपवतं ते ज्वारीला विचारा. आणि तो पाहुणा एखादा मास्तर बोलतोय तसं ते लिहून घेत होता. मुक्ताबाईला साठ वर्षांत एवढं कुणी विचारलं नव्हतं. मागे आबासाहेबांचे खांदे हलायला लागले. कानिफनाथ घाबरला, त्याला वाटलं हृदयाचं काही आहे. पण आबासाहेब हसत होते. घरातल्यांनी ते आधी पाहिलेलं नसल्याने ओळखायला वेळ लागला.

अकराला शेठनी कागद पुढे केला. आबासाहेबांनी तो घडी करून त्यांच्याच हातात परत दिला.

"बरं, मग पाईप तरी नेतो," शेठ म्हणाले.

"आत कूळ लागलंय, शेठ," आबासाहेब म्हणाले. "आमच्या वडलांनी येका कुळाबरोबर येकवीस वर्सं कोर्टात काढली. मी ते बघितलंय. आता मी कुळाला उठवत न्हाई. पाऊस पडला की ती आपल्या पायानं जातील, मंग न्या."

मग त्यांनी घरच्यांकडे वळून सांगितलं की माळ तीन वर्षं सूनबाईकडे. आणि बैठकीत हितून पुढं तिचं मत धरायचं. कुनाची हरकत हाय का, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी गहिनीनाथांकडे पाहिलं. गहिनीनाथ पाईपाकडे बघत होते. त्यांनी न वळताच हात वर केला, मान्य म्हणून. भापकरांच्या घरातलं हे तिसरं एकमत, आणि मोजून झालेलं पहिलं.

शेठ अजून गेले नव्हते. ते थोडे पुढे सरकून मुक्ताबाईच्या खांद्यावरून बघायला लागले, तेव्हा पंकजाने त्यांना नम्रपणे पाटी दाखवली. एका वेळी आठ. ते नववे होते.

"पुढच्या रविवारी जागा आहे, काका," ती म्हणाली. "मुक्कामाची पाळी मुक्तामावशींच्या घरची."

शेठनी केडगाव ते बाभूळदरा किती वेळ लागतो याचा मनात हिशोब केला आणि नाव लिहा म्हणाले. जाताना गहिनीनाथांनी त्यांना थांबवून तपकिरी शाल पांघरली. शेठनी ती ओळखली. मागच्या वर्षी त्यांनीच ती नानांना घातली होती.

पाहुणे गेल्यावरही गहिनीनाथ रेघेशी बसून राहिले. दुपारी गावातलं कुणी मोटारसायकल वाजवत आलं तर ते दोन्ही हात पसरून उभे राहत. सांजच्याला ते घरी आले, ओट्यावर टेकले, आणि सवयीने आत ओरडून हाक मारायला गेले. पण दिवसभराची सवय घशात राहिली होती.

"अगं," ते कुजबुजले, "तांब्याभर पानी दे."

राहीबाईंना आत स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी पंकजाकडे पाहिलं, हातातलं काम खाली ठेवलं, आणि दारापर्यंत येऊन विचारलं, काय म्हनालात. ते परत तसंच म्हणाले. राहीबाई आत गेल्या, थोडं थांबल्या, आणि परत दारात आल्या.

"ऐकूच आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "परत येकदा म्हना."